कुंपणानं शेत खाऊ नये म्हणून : प्रवाळाच्या कलमांच्या छोट्या टाकीत कोणाला घ्यावं, कोणाला नाही

न्यू जर्सीत एडिसनला आमच्या घराच्या तळघरात प्रवाळाच्या कलमांची एक टाकी आहे. लांबी ३६ इंच, रुंदी २४, उंची जेमतेम १०. आत पाणी साधारण १३० लिटर. मोठ्या प्रवाळाची फांदी छाटायची, इंचभर तुकडा सिमेंटच्या छोट्या बुचावर जेल सुपरग्लूनं चिकटवायचा आणि तो वाढून बुचाच्या कडेपर्यंत पसरला की दुसऱ्या कुणाला द्यायचा, एवढंच या टाकीचं काम. छंदातली मंडळी या तुकड्याला फ्रॅग म्हणतात. माझं लहानपण दापोलीजवळ आंब्याच्या रोपवाटिकेत गेलं, त्यामुळे माझ्या तोंडी कलम हाच शब्द आहे. नेमकं सांगायचं तर हे छाट कलम.

पहिल्या वर्षी मी या टाकीत प्राणी सोडले ते मोठ्या शोभेच्या टाकीत सोडतात तसे. दुकानदार ज्याला ‘रीफ सेफ’ म्हणाला ते घरी आणलं. एका सकाळी खाली आले तर ११ कलमं ती ज्यावर मांडते त्या जाळीवरून खाली पडलेली, त्यातली दोन उपडी, आणि एक टॉर्च प्रवाळ शेजारच्या एकान प्रवाळावर पडून रात्रभर त्याला डसत राहिलेला. हे काम दोन टर्बो शंखांचं होतं. त्यांनी खाल्लं फक्त शेवाळ, पण चालताना त्यांच्यापुढे जे आलं ते ढकललं. ‘रीफ सेफ’ याचा अर्थ प्राणी प्रवाळ खात नाही, इतकाच. तो कलम पाडणार नाही, त्याच्यावर बसून राहणार नाही, उपाशी राहिला तर चावणार नाही, यातलं काहीही त्या शब्दात येत नाही. छोट्या कलमांच्या टाकीसाठी निवड वेगळ्या मापानं करावी लागते, आणि ती कशी करावी ते मी सहा वर्षांच्या अनुभवावरून खाली लिहिते आहे.

१. भारतात असाल तर आधी कायदा

महाराष्ट्रातून बरेच जण मला विचारतात की हे पुण्यात, मुंबईत करता येईल का. कठीण सांगाड्याचे, खडक बांधणारे सगळे प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली २००१ पासून संरक्षित आहेत. काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही त्यात आले. मालवणला किंवा अंदमानात पाण्याखाली जे पाहिलं त्याचा मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. समुद्री घोडे, समुद्री काकड्या आणि मोठ्या शिंपल्यांच्या काही जातीही त्याच वर्षी संरक्षणाखाली आल्या, म्हणून बाहेरच्या देशांतल्या याद्या पाहून ‘स्वच्छतेसाठी समुद्री काकडी’ मागवू नका. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीतले परदेशी प्राणी जिवंत बाळगणाऱ्यांना नोंदणीची अटही आली आहे. मऊ प्रवाळ ठेवायचा विचार असला तरी आधी वनविभागाकडून लेखी खात्री करून घ्या आणि खरेदीची प्रत्येक पावती जपून ठेवा. पुढचं सगळं माझ्या इथल्या टाकीवरून लिहिलं आहे.

२. हाताशी काय काय हवं

• खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो जुळवायला ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग मीठ) तयार द्रावण
• अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद), कॅल्शियम, नायट्रेट आणि फॉस्फेटच्या चाचण्या
• झाकणाला पारदर्शक, बारीक जाळी
• ठिबक पद्धतीनं पाणी देण्यासाठी बारीक नळी आणि थेंब कमी-जास्त करायला व्हॉल्व्ह
• लाल प्रकाशाची बॅटरी, रात्री पाहणीसाठी
• ४० लिटरची वेगळी टाकी, स्वतःचा फिल्टर आणि हीटर असलेली, नव्या माशांसाठी
• कीड मारायला प्रवाळ बुडवायचं औषध, जेल सुपरग्लू, नवी बुचं
• हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा

शेवटची ओळ घाईत वाचून सोडू नका. झोआंथिड (छंदात नुसतं झोआ) आणि पॅलिथोआ या प्रवाळांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. त्यांचं बूच गरम पाण्यात घालणं, उकळणं, कोरड्या ब्रशनं घासणं हे कधीही करायचं नाही. वाफेतून किंवा उडालेल्या तुषारांतून ते शरीरात जातं. हातावर साधी चीर असली तरी मोजे घाला.

माझ्या टाकीत खारटपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० ते ४४० पीपीएम असतं. नायट्रेट मी २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मध्ये ठेवते. शेवटच्या या दोन आकड्यांसाठीच मुळात मासे लागतात. खडक-वाळू नसलेल्या नव्या टाकीत दोन्ही आकडे सहज शून्यावर येतात, प्रवाळ फिके पडतात आणि तपकिरी, बुडबुडे धरणारे, शेंबडासारखे लोंबणारे डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव फोफावतात. दोन-तीन छोट्या माशांना रोज खायला घातलं की टाकीला बेताचं खत मिळत राहतं.

३. ही टाकी वेगळी कशात आहे ते ओळखा

कलमांच्या टाकीत सहसा वाळू नसते, कारण तळ रोज पुसता यायला हवा. खडक नसतात किंवा एखाददुसरा असतो. पाणी उथळ असतं, दिवे जवळ असतात, प्रवाह जोरदार असतो. कलमं मोकळी ठेवलेली असतात, आणि माझा हात दिवसातून एकदा तरी आत जातो. तशात कलमं सतत येत-जात असतात, म्हणजे रोग आणि कीडही सतत दार ठोठावत असते.

यातूनच निवडीच्या कसोट्या निघतात. कोणताही प्राणी घेण्याआधी मी स्वतःला इतकं विचारते: हा चालताना किंवा झोपायची जागा शोधताना काय पाडेल? याचं ठरलेलं खाणं संपलं तर हा दुसरं काय खाईल? याला लपायला, झोपायला वाळू लागते का? आणि नको झाला तर हा मला पकडता येईल का? चारांतल्या एकाचंही उत्तर मनासारखं आलं नाही तर तो प्राणी कितीही सुंदर असला तरी मी घेत नाही.

वाळूच्या प्रश्नावर लोक फार फसतात. पिवळा कोरिस आणि मेलानुरस हे रास मासे कीड खातात म्हणून सगळीकडे सुचवले जातात, पण ते रात्री वाळूत शिरून झोपतात. उघड्या काचेवर ते तोंड आपटून जखमी होतात. नसारियस शंख, वाळू उपसणारे गोबी, जॉफिश, वाळूतला तारामासा, सगळे याच कारणानं बाद. हवाच असेल तर एका कोपऱ्यात काचेच्या भांड्यात दोन इंच वाळू भरून ठेवतात, पण उथळ टाकीत ते भांडं कलमांची जागा खातं. मी तो मार्ग धरला नाही.

४. शंखांपासून सुरुवात करा

रोपवाटिकेत निंदणी करणारी माणसं लागतात तसे इथे शंख लागतात. बुचाच्या कडेवर केसाळ शेवाळ वाढलं की ते प्रवाळाच्या जिवंत कडेवर चढतं आणि त्याची वाढ तिथेच थांबते. हे शेवाळ बोटांनी ओढायला गेलात तर कलमही उपटून येतं.

ट्रोकस हा माझा पहिला आणि आवडता शंख. वरवंट्याच्या टोकासारखा निमुळता, अंगावर पट्टे, मोठा झाला तरी मुठीत मावतो. उलटा पडला तर आपला आपण सरळ होतो. हा गुण साधा वाटतो, पण उघड्या तळाच्या टाकीत तोच सगळ्यांत मोलाचा. दिसायला जवळजवळ तसाच असणारा अ‍ॅस्ट्रिया उलटा पडला की सपाट काचेवर त्याला पकडायला काही मिळत नाही, आणि सकाळपर्यंत तो मरतो. छोट्या टाकीत एक मेलेला शंखसुद्धा अमोनिया वाढवतो. दुकानात दोन्हींची मिसळ असते, म्हणून शंख पालथा ठेवून पाहा. ट्रोकस काही मिनिटांत मान लांब करून उलटतो. ट्रोकस टाकीत प्रजाही वाढवतात. माझ्याकडे दुसऱ्या वर्षी काचेवर मोहरीएवढी पिल्लं दिसू लागली आणि तेव्हापासून मी एकही विकत आणलेला नाही.

१३० लिटरला मी सहा ते आठ ट्रोकस आणि १० ते १५ छोटे सेरिथ ठेवते. सेरिथ रात्री फिरतात, जाळीच्या चौकोनांत आणि बुचांच्या मधल्या फटींत शिरतात, आणि इतके हलके असतात की त्यांच्यानं काही पडत नाही. स्टोमाटेला नावाचे चपटे, कातडीसारखे शंख न बोलावता कलमांबरोबर येतात. पुष्कळ जण घाबरून ते काढून टाकतात. ते राहू द्या, चांगले आहेत.

टर्बोबद्दल वर सांगितलंच. मोठ्या टाकीत त्याच्यासारखा कामसू नाही, इथे मात्र नको. नेराइट शंख पाण्याबाहेर चढतो आणि उथळ टाकीतून सहज फरशीवर येतो.

शंख आणताना दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे टाकी नवी असतानाच ते सोडणं. काचेवर हिरवा-तपकिरी पापुद्रा धरलेला दिसेपर्यंत थांबा, नाहीतर ते उपाशी मरतात. आणि डायनोफ्लॅजेलेटचा उपद्रव चालू असेल तर ‘शंख ते खातील’ या आशेनं शंख टाकू नका. त्यातल्या काही जाती विषारी असतात, आणि ते खाऊन शंखच मरतात. दुसरी चूक खारटपणाची. माशांच्या टाक्यांत दुकानं कित्येकदा खारटपणा मुद्दाम कमी, १.०१८ ते १.०२० ठेवतात. मासा तो फरक सोसतो. शंख, कोळंबी आणि तारामासा सोसत नाहीत. पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर मोजा. फरक असेल तर सेकंदाला दोन-तीन थेंब अशी ठिबक धरून टाकीचं पाणी पिशवीतल्या पाण्यात किमान तास-दोन तास सोडत राहा. मी पहिल्यांदा हे मोजलं नव्हतं आणि आणलेल्या दहापैकी सात ट्रोकस आठवड्यात गेले. ‘शंख टिकतच नाहीत’ असं मी तेव्हा म्हणत होते. त्यांना मी मारलं होतं.

५. कोळंबी आणि खेकडे : इथे सर्वांत जास्त सावध राहा

कुंपणच शेत खातं ही म्हण या टाकीत अक्षरशः खरी ठरते ती इथे.

एमराल्ड खेकडा बुडबुड्यांसारखं हिरवं शेवाळ, म्हणजे व्हॅलोनिया, खातो. हे खरं आहे. पण छोट्या टाकीत ते शेवाळ दोन आठवड्यांत संपतं, आणि त्याची भूक संपत नाही. माझे झोआ दिवसेंदिवस कमी होत होते, आणि मी कधी पाण्याला तर कधी दिव्याला दोष देत होते. शेवटी रात्री एक वाजता लाल बॅटरी घेऊन खाली बसले, तेव्हा तो चिमट्यानं एकेक पॉलिप, म्हणजे प्रवाळाचं फुलासारखं तोंड, खुडून तोंडात घालताना दिसला. आता व्हॅलोनिया आलीच तर मी ते बूच पाण्याबाहेर काढते, बुडबुडा न फोडता चिमट्यानं उचलते आणि खेकडा आणत नाही.

हर्मिट, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, शेवाळ खातो, पण त्याला वाढीबरोबर नवं घर लागतं. ते तो जिवंत ट्रोकसला मारून मिळवतो. शिवाय तो कलमांवरून चढत-उतरत राहतो. शेजारी मोकळे शंख टाकून ठेवले तरी मला फारसा फरक दिसला नाही. या टाकीत एकही हर्मिट नको, असं माझं ठाम मत आहे.

पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया हे उपद्रवी फूलप्राणी खाते, म्हणून ती कामाची. पण तिच्या नावानं कॅमल कोळंबी विकली जाते आणि ती झोआ, मश्रूम, मऊ प्रवाळ खाते. मला एका दुकानातून अशाच तीन मिळाल्या होत्या. ओळख नीट ध्यानात ठेवा: पेपरमिंट बरीचशी पारदर्शक, अंगावर बारीक लाल उभ्या रेघा. कॅमलची पाठ कुबडासारखी उंच, डोळे मोठे, अंग लालभडक आणि त्यावर ठळक पांढऱ्या रेघा-ठिपके. पेपरमिंटसुद्धा उपाशी असली की एकान किंवा टॉर्चच्या तोंडातला घास ओढून काढते आणि ओढताना मांस फाडते. मोठ्या तोंडाचे प्रवाळ असतील तर हे रोज घडेल. तांबडी-पांढरी क्लीनर कोळंबी याच चोरीत तिच्या पुढे आहे.

यावर एक साधा उपाय आहे. प्लास्टिकची पाण्याची बाटली अर्धी कापा, वरचा निमुळता भाग घुमटासारखा कलमावर ठेवा, बाटलीच्या तोंडातून ड्रॉपरनं घास सोडा आणि वीस मिनिटं तसंच राहू द्या. त्याआधी कोळंबीला दुसऱ्या कोपऱ्यात तिचा वाटा द्या.

छोट्या बारीक हातांचे ब्रिटल स्टार, जे बुचांखाली राहतात आणि फक्त केसांसारखे हात बाहेर काढतात, ते उत्तम. मोठा हिरवा ब्रिटल स्टार मात्र झोपलेले मासे धरून खातो. चॉकलेट चिप नावाचा सुंदर तारामासा प्रवाळ खातो. मुलं दुकानात त्याच्यासाठीच हट्ट धरतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

६. कामापुरते बोलावायचे पाहुणे

काही प्राणी कायम ठेवायचे नसतात. काम झालं की पुढच्या माणसाकडे पाठवायचे.

बर्घिया ही पांढुरकी, झालरीसारखी, बिनशंखाची गोगलगाय फक्त एप्टेशिया खाते, दुसरं काहीही नाही. त्यामुळे कलमांना तिचा धोका शून्य. तिला रात्री, पंप बंद करून, थेट एप्टेशियाजवळ ड्रॉपरनं सोडायचं. मात्र आधी टाकीत पेपरमिंट कोळंबी किंवा सिक्सलाइन रास असेल तर पैसे वाया जातील. ते तिलाच खातात. एप्टेशिया संपलं की ती उपासमारीनं मरते, म्हणून संपत आल्यावर तिला पकडून एप्टेशिया असलेल्या मित्राला देऊन टाका. आमच्या भागात चार घरांत एकच कुळी फिरते आहे.

टक्सिडो अर्चिन, काटेरी चेंडूसारखा, शेवाळ फार सुंदर साफ करतो, पण लपण्यासाठी पाठीवर मिळेल ते घेऊन फिरतो. कलमांच्या टाकीत मिळतात ती कलमं! ती गोंदानं नीट चिकटलेली नसतील तर सकाळी ती टाकीच्या दुसऱ्या टोकाला असतात. मी त्याला फक्त रिकाम्या जाळ्या धुवायला, आठवडाभर, खालच्या संपमध्ये, म्हणजे गाळणीच्या टाकीत, ठेवते. पेन्सिल अर्चिन तिथेही नको, तो प्रवाळ खातो.

जाळ्यांच्या खालच्या बाजूला नळीसारखे वर्मेटिड शंख धरतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे सोडून प्रवाळांना त्रास देतात. त्यांच्यासाठी अमुक शंख आणा, तमुक आणा, असे सल्ले मिळतील. मी दोन प्रकार करून पाहिले, उपयोग झाला नाही. पक्कडीनं नळी मोडायची आणि तोंडावर सुपरग्लूचा थेंब ठेवायचा, हेच खरं.

७. मासे : दोन, फार तर तीन

१३० लिटर उथळ पाण्यात मला दोन मासे पुरेसे वाटतात. तीन ही वरची मर्यादा.

माझी पहिली शिफारस टेलस्पॉट ब्लेनी. अडीच इंचांचा मासा, डोळे वर आलेले, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. काचेवरचा शेवाळाचा पापुद्रा ओठांनी खरवडतो. सकाळी काचेवर त्याच्या ओठांच्या छोट्या खुणा दिसतात. त्याला बीळ लागतं, आणि कलमांच्या टाकीत बीळ नसतं. बोटभर जाडीच्या पीव्हीसी पाइपाचा दोन इंचांचा तुकडा किंवा मोठ्या बार्नेकलचं रिकामं कवच जाळीला बांधून द्या, की तो तिथेच बसून तोंड बाहेर काढून बघत राहतो. पोट भरलेलं असलं तर तो प्रवाळाला हात लावत नाही. उपाशी ठेवलात तर मोठ्या तोंडाच्या प्रवाळांना टोचेल. त्याचा मोठा भाऊबंद लॉनमोअर ब्लेनी पाच इंचांपर्यंत वाढतो आणि छोट्या टाकीत शेवाळ संपल्यावर खंगत जातो, म्हणून तो नको.

दुसरा निऑन गोबी. दोन इंच, निळी रेघ, टाकीतच जन्मलेले मासे सहज मिळतात, गोठवलेलं अन्न पहिल्या दिवशी खातात. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो. कलमावर बसतो, पण तो इतका हलका की पॉलिप मिटतही नाहीत.

तिसरा हवाच असेल तर पिंक स्ट्रीक्ड रास किंवा पॉसम रास. दोन्ही छोटे, लाजरे, वाळू न मागणारे. दिवसभर बुचांमधून फिरत चपटे कृमी आणि बारीक किडे टिपत राहतात. किमतीला जास्त आहेत, मिळायला वेळ लागतो, तरी थांबा. लोक घाईनं त्याऐवजी सिक्सलाइन रास घेतात. तोही कीड खातो, धीटही आहे, पण वर्षभरात टाकीचा दादा होतो, आणि त्याच्यानंतर आलेल्या कुठल्याही छोट्या माशाला जगू देत नाही. घ्यायचाच असेल तर तो एकटा किंवा सर्वांत शेवटी. आणि एक गोष्ट कोणत्याही रासबद्दल: कीडनाशक म्हणून त्याच्यावर विसंबू नका. अक्रोपोरा प्रवाळावरचे चपटे कृमी किंवा मोंटिपोरा प्रवाळ खाणाऱ्या गोगलगाई यांची अंडी तो खात नाही. खरी निगा औषधात बुडवण्याची, आणि औषधानंही अंडी मरत नाहीत म्हणून दर आठवड्याला, तीन-चार वेळा, पुन्हा करायची.

आता जे घेऊ नयेत ते.

क्लाउन गोबी हा माझा सर्वांत दुखरा अनुभव. इंचभर, पिवळाधमक, शांत, जाळीत एक बोट जागा घेणारा. निसर्गात तो अक्रोपोराच्या फांद्यांतच राहतो, मग याहून योग्य कोण, असं मला वाटलं. पण तो फांदीवरचं जिवंत मांस टोचून काढतो, आणि जोडी असली तर अंडी घालायला फांदीचा पट्टा पूर्ण सोलतो. वीतभर वाढलेल्या झाडाला ते सोसतं. इंचभर कलमात सोसायला काही उरतच नाही. हिरव्या अक्रोपोराची चार कलमं मी तीन आठवड्यांत घालवली.

क्लाउनफिश प्रत्येकाला हवा असतो. अ‍ॅनेमोन, म्हणजे त्याचं घर असलेलं समुद्रफूल, नसलं की तो टॉर्च किंवा हॅमरच्या कलमात घर करतो, अंग घासून घासून त्याला मिटवून टाकतो, आणि मादी मोठी झाली की आत गेलेल्या हाताला चावते. रोज हात घालायच्या टाकीत हे नको. मँडरिन मासा कोपेपॉड या जिवंत बारीक जीवांवर जगतो. खडक नसलेल्या छोट्या टाकीत ते पुरत नाहीत आणि तो डोळ्यांदेखत वाळत जातो. पिवळा टँग, फॉक्सफेस वगैरे शेवाळखाऊ मोठ्या टाकीचे मासे. फॉक्सफेसच्या काट्यात विष असतं हेही लक्षात ठेवा. बुटके एंजलफिश प्रवाळ कधी खातील कधी नाही, सांगता येत नाही. बटरफ्लाय, ट्रिगर, पफर यांचा विचारही करू नका. एप्टेशिया खातो म्हणून मॅटेड फाइलफिश आणला जातो; एप्टेशिया संपल्यावर तो झोआंकडे वळतो. फायरफिश प्रवाळाला निरुपद्रवी, पण उडी मारतो. खरं तर दहा इंच पाण्यात सगळेच मासे उडी मारू शकतात. म्हणून झाकणाची जाळी पहिल्या माशाच्या आधी बसवा, नंतर नाही.

८. घरात घेण्याआधी वेगळं ठेवणं

ही पायरी गाळावीशी वाटते, कारण महिनाभर काहीच घडत नाही. पण कलमांच्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर तिथे औषधच देता येत नाही. तो रोग तांब्याच्या औषधानं बरा होतो, आणि तेच तांबं शंख, कोळंबी, प्रवाळ सगळ्यांना मारतं.

म्हणून मासा आधी वेगळ्या टाकीत. मी ३० दिवस ठेवते, तांब्याची चाचणी रोज करते आणि औषधाच्या वेष्टनावर दिलेलं प्रमाण सोडत नाही. शंख आणि कलमांना तो रोग होत नाही, पण परजीवीच्या गाठी त्यांच्या कवचाला आणि बुचाला चिकटून येतात. मासे नसलेल्या टाकीत ७६ दिवस ठेवणं हा छंदातला जुना, सुरक्षित नियम. सगळ्यांना ते जमत नाही हे मला माहीत आहे. नाहीच जमलं तर निदान आलेलं कलम जुन्या बुचावरून कापून, औषधात बुडवून, नव्या बुचावर चिकटवा आणि जुनं बूच टाकून द्या. अंडी, गाठी, एप्टेशियाचे तुकडे, वर्मेटिड, बहुतेक सगळी पीडा बुचावर असते. हे एक काम करायला मी कधीही कंटाळत नाही.

९. कोण आधी, कोण नंतर

टाकीचं नायट्रोजनचक्र पूर्ण झाल्यावर, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू जमल्यावर, काचेवर पापुद्रा दिसला की चार ट्रोकस आणि पाच सेरिथ. तीन आठवड्यांनी दोन-चार टणक, स्वस्त कलमं. ती महिनाभर उघडलेली राहिली की ब्लेनी, मग पंधरा दिवसांनी गोबी, आणि रास सर्वांत शेवटी. बर्घियाची गरज वाटत असेल तर तिचं काम रास येण्याआधी उरकून घ्या.

खाणं दिवसातून दोनदा, थोडं थोडं. गोठवलेल्या मायसिसच्या (कोळंबीसारख्या बारीक जीवांच्या) एका घनाचा चौथा भाग दोन-तीन छोट्या माशांना पुरतो. नायट्रेट १० च्या वर जाऊ लागलं तर आधी खाणं तपासा, मग माशांची संख्या. आणि आठवड्यातून एकदा, टाकीचे दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी, लाल बॅटरी घेऊन दहा मिनिटं बसा. दिवसा दिसत नाही ते सगळं तेव्हा दिसतं.

१०. चुकीचा प्राणी आलाच तर

मासे धरायच्या जाळीनं पाठलाग करू नका, त्यात कलमंच पडतात. सरबताच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत खोचा, तळाशी मायसिस ठेवा, बाटली आडवी करून संध्याकाळी टाकीत ठेवा. खेकड्यासाठी उभा, गुळगुळीत काचेचा पेला जाळीच्या कडेला टेकवून, तळाशी कोळंबीचा तुकडा ठेवून रात्रभर सोडा. आत उतरतो, वर चढता येत नाही. माझा एमराल्ड दुसऱ्या रात्री सापडला. मासे हट्टी असतील तर सगळ्या जाळ्या कलमांसकट उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवा, पाणी चार इंचांवर आणा, मग मासे धरायच्या दोन जाळ्यांनी धरा.

पकडलेला प्राणी दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. समुद्रात कधीही सोडू नका. लायनफिश मुळात हिंद आणि प्रशांत महासागरांतला मासा. तो अटलांटिकमध्ये आला तो टाक्यांतून सोडल्यामुळे, असं मानलं जातं. आज तो कॅरिबियनभर पसरला आहे, आणि उन्हाळ्याच्या शेवटी त्याची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत थेट आमच्या शेजारच्या लाँग आयलंडपर्यंत येतात. पिशवीतलं पाणी आणि छाटणीतले उरलेले तुकडेही गटारात जाता कामा नयेत. मी पाणी बादलीत साठवते, त्यात ब्लीच घालून रात्रभर ठेवते आणि सकाळी घरातल्या सिंकमध्ये ओतते. तुकडे वाळवून कचऱ्यात टाकते.